अश्वांचा गोचीडजन्य रक्तज्वर आणि शालिहोत्राच्या बाडांचें वाचन

जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून संग्राहकांच्या हातीं जीं बाडें येतात त्यांत शालिहोत्राचीं बाडें वरचेवर आढळतात. कांहीं संस्कृत श्लोकांत, कांहीं मराठी गद्यांत, तर कांहीं हिंदुस्थानी-मिश्रित भाषेंत असतात. पूर्वभागीं अश्वांचे रंग, भोंवरे, शुभाशुभ लक्षणें व दांतांवरून वय ओळखण्याची रीत, आणि उत्तरभागीं रोग व त्यांवरील औषधें, असा त्यांचा सामान्य क्रम असतो. पूर्वभागास चित्रें असलीं तर बाडास मोल येतें. उत्तरभाग मात्र बहुधा न वाचतांच राहतो. वाचला गेलाच तर दोहोंपैकीं एक गति त्यास मिळते. एक वाचक त्यास सालोत्र्यांचे तोडगे म्हणून बाजूस सारतो. दुसरा त्यांतील एखाद्या लक्षणावर आजच्या रोगाचें नांव चिकटवून, हें सर्व आमच्या पूर्वजांस ठाऊकच होतें, असा निर्णय देऊन मोकळा होतो. दोन्ही रीतींनीं बाडांतील खरा पुरावा वायां जातो.

प्रस्तुत लेखांत आम्ही एकच रोग घेऊन त्या अनुषंगानें हीं बाडें कशीं वाचावीं याचा विचार करणार आहों. हा रोग म्हणजे गोचिडांच्या दंशानें अश्वांच्या रक्तांत शिरणाऱ्या सूक्ष्म जीवांचा ज्वर होय. तो निवडण्याचें कारण असें कीं, त्याचीं लक्षणें—ताप, डोळ्यांचा पिंवळेपणा, लघवीचा तांबडेपणा—हीं नुसत्या डोळ्यांस दिसणारीं आहेत. म्हणून पागेंतील कोणत्याही चतुर माणसानें तीं टिपून ठेवलीं असणें शक्य आहे. त्याचें कारण मात्र सूक्ष्मदर्शक यंत्रावांचून दिसणारें नाहीं. दृश्य लक्षण आणि अदृश्य कारण यांमधील हें अंतर ज्यानें नीट ओळखलें, त्यास इतर रोगांचीं प्रकरणेंही सावधपणें वाचतां येतील.

१. रोगाचें स्वरूप

आजचे पशुवैद्य ह्या रोगास पायरोप्लाज्मोसिस म्हणतात. लॅटिन भाषेंत नासपतीच्या फळास जो शब्द आहे त्यावरून हें नांव पडलें. कारण रक्तकणांत दिसणाऱ्या ह्या जीवांपैकीं कित्येकांचा आकार त्या फळासारखा, एका टोंकास निमुळता असतो. घोडा, गाढव, खेंचर आणि आफ्रिकेंतील झेब्रा, इतक्या जातींस हा रोग होतो.

ह्याचे कर्ते मुख्यतः दोन. एक बाबेसिया कबाल्ली व दुसरा थायलेरिया इक्वाय. दुसऱ्यास पूर्वीं नटालिया इक्वाय व पुढें बाबेसिया इक्वाय म्हणत, इ. स. १९९८ मध्यें मेलहॉर्न व शाइन या दोघां संशोधकांनीं त्याच्या जीवनक्रमावरून त्यास थायलेरियांत घातलें. जुन्या इंग्रजी वैद्यकग्रंथांत हीं निरनिराळीं नांवें आलीं तरी जीव एकच, हें वाचकानें ध्यानांत ठेवावें. इ. स. २०१८ मध्यें थायलेरिया हॅनेयी नांवाचा तिसरा जवळचा जीवही वेगळा ओळखला गेला.

गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळी व विंचू यांच्या वर्गांतला. अंड्यांतून निघालेल्या पिल्लास पाय सहा, आणि पुढील दोन अवस्थांत आठ. प्रत्येक अवस्थेंत त्यास रक्त लागतें. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायांत, त्वचेच्या एका पदराआड दूध असतांही तें सोडून अशुद्धच पिणाऱ्या गोचिडाचा दृष्टांत आहे, तो वाचकांस आठवत असेलच. त्यांतील ‘अशुद्ध’ म्हणजे रक्त. हा जुना अर्थ पुढें आपल्या कामीं येणार आहे.

रोगी अथवा वाहक घोड्याचें रक्त पितांना हे जीव गोचिडाच्या पोटांत जातात. तेथें त्यांची वाढ होऊन ते लाळेच्या पिंडांत येतात. आणि तोच गोचीड पुढच्या अवस्थेंत दुसऱ्या घोड्यास चिकटला म्हणजे लाळेबरोबर त्याच्या अंगांत उतरतात. बाबेसिया कबाल्लीची आणखी एक रीत आहे. तो गोचिडाच्या मादीच्या अंड्यांतही शिरतो, म्हणून तिचीं पिल्लें जन्मतःच रोग वाहणारीं निपजतात. हायलोमा, डर्मासेंटर व रिपिसेफॅलस या तीन गणांतील गोचीड हें काम मुख्यतः करतात. आपल्या देशांत थायलेरिया इक्वायचा प्रसार मुख्यत्वें हायलोमा ॲनाटोलिकम ह्या जातीकडून होतो.

घोड्याच्या शरीरांत शिरल्यावर बाबेसिया थेट तांबड्या रक्तकणांत घुसतो. थायलेरिया आधीं पांढऱ्या कणांत वाढून मग तांबड्यांत येतो, व तेथें त्याचे चार भाग होऊन ते क्रुसाच्या आकारांत मांडल्यासारखे दिसतात. कण फुटतात, त्यांतील तांबडें द्रव्य रक्तरसांत मोकळें होतें. तेंच मूत्रावाटे बाहेर पडलें म्हणजे लघवी तांबूस वा काळसर होते, आणि त्याचें रूपांतर पित्तांत झालें म्हणजे डोळे, ओंठ व हिरड्या पिंवळ्या पडतात. दंशापासून ज्वर येईपर्यंत थायलेरियांत साधारण १२ ते १९ दिवस व बाबेसियांत १० ते ३० दिवस जातात. ताप शंभर अंशांच्या मापानें ४० च्या वर चढतो. घोडा दाणा टाकतो, मान खालीं घालून उभा राहतो, धांप लागते, पायांवर सूज येते, पाणथरी वाढते, कधीं पोटशूळ होतो. डोळ्यांच्या आंतील त्वचेवर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. तांबडी लघवी थायलेरियांत अधिक आढळते. बाबेसियाचा रोग बहुधा सौम्य असतो. गाभण घोडीकडून थायलेरिया गर्भासही जातो, आणि मग गर्भपात होतो किंवा शिंगरूं आजारीच जन्मतें.

२. शोधाचा क्रम

ह्या ज्ञानाचा काळ ठाऊक असल्यावांचून बाडांचा न्याय करतां येत नाहीं, म्हणून तो थोडक्यांत देतों. इ. स. १८८८ मध्यें रुमानियांत व्हिक्टर बाबेश यानें गुरांच्या रक्तकणांत असे जीव प्रथम पाहिले. बाबेसिया हें नांव त्याच्यावरूनच आलें. इ. स. १८९३ मध्यें अमेरिकेंत थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनीं गुरांचा टेक्सास-ज्वर गोचिडांनीं पसरतो हें सिद्ध केलें. घोड्यांतील जीवाचें वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हेरां यानें इ. स. १९०१ मध्यें केलें. त्या सुमारास दक्षिण आफ्रिकेंत आर्नोल्ड थायलर हा घोड्यांच्या ‘पित्तज्वरा’चा अभ्यास करीत होता, थायलेरिया हें नांव त्याचें. पुढें नटाल व स्ट्रिकलंड यांनीं इ. स. १९१२ पर्यंतच्या कामानें घोड्यांत एक नव्हे तर दोन भिन्न जीव आहेत असें दाखविलें.

ह्या क्रमांत आपल्या प्रांताचाही एक दुवा आहे. घोड्यांचा दुसरा एक रक्तरोग जो सर्रा, त्याचा जीव ग्रिफिथ इव्हान्स यानें इ. स. १८८० मध्यें डेरा इस्माइलखान येथें शोधला. त्यानंतर पशुरोगांच्या अभ्यासासाठीं सरकारनें जी प्रयोगशाळा काढली ती इ. स. १८८९ मध्यें पुण्यास, त्या वेळच्या कॉलेज ऑफ सायन्सांत उघडली, इ. स. १८९३ मध्यें ती कुमाऊंतील मुक्तेश्वर येथें नेली. मुंबईस परळ येथें पशुवैद्यकाचें कॉलेज त्याआधीं इ. स. १८८६ मध्यें निघालें होतें. म्हणजे पेशवाईच्या अखेरीनंतर सुमारें पाऊणशें वर्षांनीं ह्या विद्येचा येथें आरंभ झाला. त्यापूर्वींच्या कोणत्याही कागदांत ह्या रोगाचें निश्चित निदान मिळणें शक्य नाहीं; मिळाल्यास त्या रोगाचें केवळ चरित्र मिळेल.

३. रोगी कोण व वाहक कोण

इतिहासाच्या दृष्टीनें ह्या रोगांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, तो सर्व घोड्यांस सारखा वागवीत नाहीं. ज्या मुलखांत गोचीड व हे जीव कायमचे आहेत, तेथें जन्मलेल्या शिंगरांस लहानपणींच दंश होतो. आईच्या चिकांतून मिळालेलें संरक्षण व कोंवळें वय यांमुळें बहुतेकांस रोग सौम्य होतो, कित्येकदां कळतही नाहीं. पुढें तीं जनावरें धडधाकट दिसतात. परंतु त्यांच्या रक्तांत जीव राहतोच. थायलेरिया बहुधा जन्मभर राहतो, बाबेसिया कांहीं वर्षांनीं नाहींसा होऊं शकतो. अशा घोड्यास वाहक म्हणतात. तो स्वतः मरत नाहीं, पण गोचिडांस रोग पुरवीत राहतो.

उलटपक्षीं ज्यानें हा जीव कधीं अनुभवला नाहीं असा प्रौढ घोडा त्याच मुलखांत आणला, तर त्यास तीव्र ज्वर येतो. अशा कोऱ्या घोड्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ५० पर्यंत जाऊं शकतें. एकाच तबेल्यांत, एकच दाणा व एकच पाणी घेऊन, गांवठी तट्टू उभें राहतें आणि मोठ्या मोलाचा परदेशी घोडा महिन्याभरांत जातो, याचा उलगडा येथें होतो.

तिसरी गोष्ट अशी कीं, वाहक घोडाही लांबच्या प्रवासानें, अति श्रमानें अथवा दुसऱ्या आजारानें खंगला म्हणजे दबलेला रोग पुन्हां उसळतो. म्हणून मोहिमेंत गांवठी घोडाही ह्या ज्वरापासून सर्वथा सुरक्षित होता असें समजूं नये.

वाहकांचा हा प्रकार आजही जागतिक व्यवहाराच्या आड येतो. ऑस्ट्रेलिया व जपान यांसारखे रोगमुक्त देश रक्ताची परीक्षा झाल्यावांचून घोडा आंत घेत नाहींत. इ. स. १९९६ च्या अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत वाहक ठरलेल्या घोड्यांस कडक बंधनांखालींच प्रवेश मिळाला. अमेरिकेंत फ्लॉरिडा प्रांतीं इ. स. १९६१ मध्यें बाबेसियाचा शिरकाव आढळला, व त्याचें निर्मूलन झाल्याचें इ. स. १९८८ मध्यें जाहीर झालें, पुन्हां इ. स. २००९ मध्यें टेक्सासमधील एका मोठ्या कुरणावर चारशेंहून अधिक घोडे थायलेरियाचे वाहक निघाले. आपल्याकडे हिसार येथील राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रानें ह्या रोगाच्या रक्तपरीक्षेच्या रीती बसविल्या आहेत. इमिडोकार्ब नांवाच्या औषधानें ज्वर आटोक्यांत येतो. पण थायलेरिया त्यानें समूळ जाईलच असा भरंवसा नाहीं, व गाढवांस तें औषध जपूनच द्यावें लागतें. लस अद्याप निघालेली नाहीं.

४. समुद्रापलीकडून आलेला घोडा

आतां ह्या ज्ञानाच्या प्रकाशांत एक जुना, सर्वपरिचित पुरावा पाहूं. इ. स. १२७१ ते १२९५ या काळांत प्रवास केलेला व्हेनिसचा मार्को पोलो दक्षिणेंतील माबर देशाविषयीं असें सांगतो कीं, तेथें घोड्यांची पैदास नाहीं; राजा दर वर्षीं दोन हजारांहून अधिक घोडे समुद्रमार्गें विकत घेतो, आणि वर्षअखेर त्यांतले शंभरही उरत नाहींत. कारणही तो देतो. घोड्यांची निगा राखणें तेथील लोकांस ठाऊक नाहीं, सालोत्री तेथें नाहींत, आणि व्यापारी आपला माल पुन्हां पुन्हां खपावा म्हणून सालोत्र्यांस तिकडे जाऊं देत नाहींत. घोड्यांस शिजविलेलें अन्न घालतात, याचेंही त्यास आश्चर्य वाटलें. हा व्यापार किती किफायतीचा होता याचें गमक आपल्या कोंकणांतच आहे. ठाण्याच्या राजानें चांच्यांशीं असा करार केला होता कीं, लुटींत सांपडलेले घोडे राजाचे व बाकीचा माल त्यांचा, असें तोच लिहितो.

पोलोच्या आंकड्यांत अतिशयोक्ति असेल. परंतु आलेले घोडे भराभर मरत हा त्याचा मुख्य मुद्दा टाकून देण्यासारखा नाहीं. प्रश्न असा कीं, ते कशानें मरत? दाणावैरण व निगा यांचा दोष त्यानें डोळ्यांनीं पाहिला, म्हणून तो सांगितला. रक्तांतला जीव तो पाहूं शकत नव्हता. परदेशी प्रौढ घोडा उष्ण व गोचिडांच्या मुलखांत उतरला म्हणजे रक्तज्वराचा बळी होणें शक्य, हें वरील विवेचनावरून उघड आहे. तथापि येथेंच सावध झालें पाहिजे. अरबस्तान व इराण यांतही हा रोग आहे. तेव्हां होर्मुज वा एडन येथून आलेला प्रत्येक घोडा कोराच होता असें धरतां येत नाहीं. कांहीं वाहक असतील, व समुद्रप्रवासाच्या शिणानें त्यांचा दबलेला रोग उसळला असेल. कांहीं रुक्ष वाळवंटांतले, गोचीड क्वचितच पाहिलेले असतील. शिवाय उपासमार, शूळ, माशांनीं पसरणारा सर्रा, हे सर्व तेथें हजर होतेच. म्हणून पोलोचा पुरावा एवढेंच सांगतो कीं, आयात घोडा व देशी घोडा यांच्या मृत्यूंत जुन्या लोकांसही फरक दिसत होता. हा फरक आपल्या कागदांत कोठें टिपलेला आहे काय, हें शोधणें आमच्या मतें अधिक मोलाचें आहे. मराठ्यांच्या पागांत भीमथडीचीं तट्टें व अरबी-तुर्की घोडे शेजारीं शेजारीं बांधले जात. अशा तुलनेस याहून अनुकूल स्थळ मिळणें कठीण.

५. शब्दांचा मोह

आतां ग्रंथांकडे वळूं. शालिहोत्र-वाङ्मयांतले मुख्य संस्कृत ग्रंथ छापून झाले आहेत. जयदत्त सूरीचें अश्ववैद्यक कलकत्त्यास इ. स. १८८६-८७ मध्यें उमेशचंद्र गुप्त यांनीं प्रसिद्ध केलें. नकुलाच्या नांवावरील सचित्र अश्वशास्त्र तंजावरच्या सरस्वती महालानें इ. स. १९५२ मध्यें काढलें. भोजाचें शालिहोत्र पुण्याच्या डेक्कन कॉलेजानें इ. स. १९५३ मध्यें एकनाथ दत्तात्रेय कुलकर्णी यांजकडून संपादून घेतलें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाच्या प्रकरणीं अश्वचिकित्सकांचा उल्लेख आहे, हेंही सर्वांस विदित आहे. शालिहोत्री या शब्दापासूनच आपला ‘सालोत्री’ आला.

ह्या वाङ्मयांत तीन ठिकाणीं वाचकास मोह पडतो.

पहिला मोह ‘अभिताप’ या शब्दाचा. पालकाप्याच्या नांवानें वैद्यक-टीकांत येणाऱ्या एका गणनेंत, एकच ज्वर निरनिराळ्या प्राण्यांत निरनिराळीं नांवें घेतो असें सांगितलें आहे. हत्तींत तो पाकल, घोड्यांत अभिताप, गाईंत ईश्वर, म्हशींत हारिद्र, हरणांत मृगरोग. ‘हारिद्र’ म्हणजे हळदीसारखा. तेव्हां ही म्हशींची गोचीडजन्य कावीळच, आणि ‘अभिताप’ हा घोड्यांचा रक्तज्वरच, असा तर्क सहज सुचतो. परंतु गणनेचा हेतु रोगभेद सांगण्याचा नसून ज्वराची सर्वव्यापकता सांगण्याचा आहे. अभिताप म्हणजे नुसता ताप. घोड्यास कोणत्याही कारणानें आलेला.

दुसरा मोह चरकाच्या ‘रक्तज कृमी’चा. विमानस्थानाच्या सातव्या अध्यायांत, रक्तवाहिन्यांत राहणारे, सूक्ष्म, वाटोळे, बिनपायांचे, ताम्रवर्ण आणि कांहीं तर अतिसूक्ष्मपणामुळें अदृश्य असे कृमि वर्णिले आहेत. हें वर्णन व रक्तकणांतील बाबेसिया यांचें साम्य पाहून कोणासही चमत्कार वाटावा. पण त्याच जागीं त्यांचें कार्य काय दिलें आहे तें पाहावें. केस, नखें व पापण्या यांचा नाश, व्रणांत खाज, आणि पुढें त्वचा-मांसादिकांचें भक्षण. कारण कुष्ठाचें जें तेंच. तेथें ज्वर नाहीं, तांबडी लघवी नाहीं, आणि गोचिडाचें नांव नाहीं. कारणाची कल्पना सूक्ष्म होती हें चरकाचें मोठेपण खरें; ह्या रोगाचें ज्ञान तें नव्हे.

तिसरा मोह उलट बाजूचा, व तो मराठी बाडांत विशेष नुकसान करतो. जुन्या मराठींत ‘अशुद्ध’ म्हणजे रक्त, हें वर आलेंच. एखाद्या बाडांत घोड्यास लघवीवाटे अशुद्ध जातें असें आलें, आणि नकलकारानें अथवा सूचिकारानें तें ‘घाण लघवी’ असें समजून टाकलें, तर रोगाचें मुख्य लक्षणच हरवलें. शब्दाचा अर्थ वाढवून घेणें जितकें वाईट तितकेंच तो आटवून घेणेंही वाईट.

६. ह्याच रोगाचीं सोंगें

तांबडी लघवी सांपडली तरी निकाल लागत नाहीं. कारण तें सोंग दुसरे रोगही घेतात. काम करणाऱ्या घोड्यास एक-दोन दिवस विश्रांति देऊन पुरी चंदी चालू ठेवली व मग एकदम जोरानें हांकलें, तर त्याच्या मागच्या अंगाचे स्नायू दगडासारखे ताठतात, घाम सुटतो आणि लघवी काळसर तांबडी होते. येथें रंग रक्तकणांचा नसून स्नायूंचा असतो. शिवाय घोड्याची निरोगी लघवीही जमिनीवर कांहीं वेळ राहिली म्हणजे हवेनें तांबूस होते; सकाळीं तबेला झाडणाऱ्यानें ती पाहून रक्त म्हणावें हें साहजिक आहे.

सर्रा या रोगांतही ज्वर, पांडुरता व पायांची सूज हीं असतात; पण ताप येतो-जातो, घोडा हळूहळू झिजतो, आणि त्याचा प्रसार मोठ्या चावऱ्या माशांनीं होतो. आफ्रिकन अश्वरोग हा चिलटांनीं पसरणारा विषाणूजन्य ज्वर इ. स. १९६० मध्यें आपल्या देशांत आला. त्यांत श्वास कोंडून नाकांतून फेंस येतो, लघवी तांबडी होत नाहीं.

याहून मोठें सोंग उपासमारीचें. इ. स. १७६० च्या अखेरीस व १७६१ च्या आरंभीं पानिपतावर मराठ्यांचीं घोडीं वैरणीवांचून मेलीं. तेथें रोग शोधीत बसण्याचें कारण नाहीं. शिवाजी महाराजांनीं चिपळूणकडील छावणीच्या लष्करास लिहिलेलें जें प्रसिद्ध पत्र आहे, त्यांतही पावसाळ्यांत दाणा-वैरण संपून घोडीं मेलीं तर तीं तुम्हींच मारलींत असें होईल, अशी ताकीद आहे. पावसाळ्यांत घोडीं मरत हें त्या पत्रावरून दिसतें. पण पावसाळा हा गोचिडांचाही काळ व वैरणीच्या टंचाईचाही. केवळ ऋतूवरून निर्णय करणारा वाचक फसतो.

७. वाचनाच्या कसोट्या

एवढ्या विवेचनानंतर पुढील पांच कसोट्या आम्ही सुचवितों.

पहिली, ताप, पिंवळेपणा व तांबडी लघवी हीं तिन्ही एकाच घोड्याविषयीं व एकाच आजारांत लिहिलेलीं आहेत काय? निरनिराळ्या प्रकरणांतून वेंचून तीं एकत्र करूं नयेत.

दुसरी, आजारी घोडा कोठला व तेथें येऊन त्यास किती दिवस झाले होते? खरेदीच्या यादीची तारीख व मृत्यूच्या नोंदीची तारीख जुळवितां आली, आणि मधलें अंतर दोन आठवड्यांपासून कांहीं महिन्यांपर्यंतचें निघालें, तर पुरावा बळकट होतो. येऊन चारच दिवसांत मेलेल्या घोड्यास नव्या ठिकाणच्या गोचिडानें मारलें असें म्हणतां येणार नाहीं. दंश व ज्वर यांमधील काळच तेवढा भरत नाहीं.

तिसरी, त्याच पागेंतील गांवठी घोडीं त्या वेळीं कशीं होतीं? तीं सुखरूप असतील तर उपासमार व विषबाधा यांचा संशय पुष्कळ कमी होतो. सर्व सरसकट मेलीं असतील तर हा रोग बहुधा नव्हे.

चौथी, आजारापूर्वीं विश्रांति व मग एकाएकीं दौड असा क्रम आहे काय? असल्यास स्नायूंच्या विकाराचा विचार आधीं करावा. नाकांतून पू, फेंस वा खोकला असल्यास वाट निराळीच.

पांचवी, गोचिडांचा उल्लेख आहे काय, व तो कोणत्या संदर्भांत? खराऱ्याच्या वेळीं गोचीड वेंचावे एवढेंच असल्यास ती स्वच्छतेची आज्ञा होय. ज्वर व गोचीड यांचा संबंध जोडलेला असेल तरच तें निरीक्षण विशेष समजावें.

ह्या पांचांपैकीं चार कसोट्यांस उतरणारी नोंद मिळाली तरीही सूचींत ‘पायरोप्लाज्मोसिसचें वर्णन’ असें लिहूं नये. ‘गोचीडजन्य रक्तज्वराशीं सुसंगत’ असें लिहावें, आणि मूळचे शब्द जसेच्या तसे पुढें द्यावे. नांव बदलतां येतें. गमावलेलें मूळ परत येत नाहीं. थायलेरियाचेंच नांव शतकाच्या आंत दोनदां बदललें, हें ध्यानांत घेतां सूचिकारानें आजच्या नांवावर किती भार ठेवावा हें सांगणें नलगे.

८. संग्राहकांस विनंती

वरील कसोट्यांकडे पाहिलें तर एक गोष्ट दिसून येईल. त्यांचीं उत्तरें प्रौढ संस्कृत ग्रंथांत क्वचितच मिळणार. तीं पागेच्या हिशेबांत, घोड्यांच्या यादींत, चंदीच्या तोंडीं लावलेल्या टिपणांत, आणि सालोत्र्याच्या बाडाच्या समासांत मिळणार. अमक्या साली अमका अबलख आला, अमक्या महिन्यांत तापानें गेला, हा एका ओळीचा मजकूर ह्या कामीं शंभर श्लोकांहून अधिक मोलाचा आहे. आणि नेमके हेच कागद रद्दींत जातात. बांधणी करतांना समास कापले जातात, मळलेलीं व औषधांचे डाग पडलेलीं पानें टाकून चित्रांचीं पानें तेवढीं ठेवलीं जातात, यादी व बाड निरनिराळ्या गिऱ्हाइकांस विकलीं जाऊन त्यांचा संबंध कायमचा तुटतो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी. शालिहोत्राचें बाड ज्या रुमालांत सांपडेल त्या रुमालांतील सर्व कागद, ते कितीही क्षुल्लक दिसोत, एकत्र ठेवावे व तसे सूचींत नोंदवावे. समासांतील भिन्न हस्ताक्षर, भिन्न शाई व तिथि-महिना अगत्यानें उतरून घ्यावा. औषधांच्या प्रकरणाचें निदान अध्यायवार विषयसूचन तरी करावें. ज्यांस फारसी येते त्यांनीं शालिहोत्राचीं फारसी भाषांतरें दुर्लक्षूं नयेत. त्याच परंपरेंतील एक ‘सालोतर’ इ. स. १७८८ मध्यें जोसेफ अर्ल्स यानें इंग्रजींत उतरून कलकत्त्यास छापलें, यावरून ती विद्या त्या वेळीं किती चालती होती हें कळतें.

यांत केवळ रोगाचा इतिहास आहे असें नव्हे. घोडा मेला म्हणजे जुन्या व्यवस्थेंत कोणास तरी जबाब द्यावा लागे. मोतद्दारानें निगा राखली नाहीं, नालबंदानें खोड दडविली, व्यापाऱ्यानें आजारी जनावर गळ्यांत बांधलें, असे ठपके ठेवणारा कागद आपण आज वाचतों तेव्हां त्यांतला आरोपी खरोखर दोषी होता कीं न दिसणारा जीव, हा प्रश्न आपल्या हातीं येतो. त्याचें उत्तर ज्या एका तारखेंत वा एका ओळींत असेल, ती ओळ जपून ठेवणें एवढें तरी आपणांकडून व्हावें.